मूल बाल कल्याण समितीपुढे गेल्यावर कुटुंबाने काय करावे : गोव्यातील कायदेशीर मदतीचा मार्ग

मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेले आहे, असा निरोप पोलीस ठाण्यातून, शाळेतून किंवा रुग्णालयातून येतो, तेव्हा काही आईवडील ओळखीचा पंच, सरपंच किंवा आमदाराचा माणूस गाठायला धावतात, तर काही भीतीने घरात बसून राहतात आणि ‘बोलावतील तेव्हा जाऊ’ असे म्हणतात. अशा रीतीने जे दिवस हातचे जातात, तेच या कार्यवाहीतले सर्वांत मोलाचे दिवस असतात. समितीचा निर्णय सुनावणीच्या खोलीत जितका ठरतो, त्याहून अधिक तो घरची परिस्थिती पाहून लिहिल्या जाणाऱ्या सामाजिक चौकशी अहवालात ठरतो, आणि कायद्याप्रमाणे ही चौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हायची असते. म्हणून वकील, कागदपत्रे आणि घराची तयारी या तिन्ही गोष्टी त्या मुदतीच्या आत कशा साधायच्या, हे ज्यांच्यावर असा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

कार्यवाही कोणती, हे आधी ओळखावे

मुलाशी संबंधित तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. नवराबायकोच्या वादात मूल कोणाकडे राहावे, हा ताब्याचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा आहे. गोव्यात कौटुंबिक बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा लागू असल्यामुळे त्यासाठी येथील कायदा जाणणारा वकील लागतो. सावंतवाडीच्या किंवा कोल्हापूरच्या ओळखीच्या वकिलाचा सल्ला तेथे अपुरा पडू शकतो. मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाकडे दुर्लक्ष झाले, त्याला मारहाण झाली, ते कामाला लावलेले किंवा भीक मागताना आढळले, किंवा त्याला सांभाळणारे कोणी नाही असे दिसले, तर ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ ठरू शकते आणि बाल कल्याण समितीपुढे जाते. हा लेख या तिसऱ्या वाटेविषयी आहे.

ही समिती बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खाली नेमलेली असते. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांच्यासाठी स्वतंत्र समित्या आहेत. खोलीत काळे कोट आणि साक्षीदाराचा पिंजरा दिसत नाही, म्हणून ती एखादी सल्लागार बैठक असावी असा समज होतो. तो चुकीचा आहे. समितीच्या पीठाला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि तिचा आदेश बंधनकारक असतो. गोव्याचा स्वतःचा गोवा बाल अधिनियम, २००३ हाही आहे. त्याखाली मुलावरील अत्याचाराचे गुन्हे बाल न्यायालयापुढे चालतात. समितीची चौकशी आणि पोलिसांतला गुन्हा एकाच वेळी चालू असू शकतात. आपल्या बाबतीत गुन्हाही नोंद झाला आहे का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्यावे, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून राहते.

पहिल्या दिवशी

मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. पालकांना कळवले गेले असेल, तर त्याच वेळी तेथे पोहोचावे. पोहोचणे शक्य नसेल, तर घरातल्या जबाबदार माणसाला पाठवावे आणि आपण का येऊ शकत नाही, हे एका कागदावर लिहून द्यावे. त्या दिवशी चार गोष्टी विचाराव्यात: समितीच्या आदेशाची प्रत, पुढची तारीख, मुलाला ठेवलेल्या संस्थेचे नाव आणि चौकशीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव. लहानमोठे प्रत्येक उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मूल मेरशीच्या ‘अपना घर’मध्ये असेल किंवा एखाद्या खासगी बालगृहात असेल, तेथे भेटीची परवानगी कोण देते आणि भेटीचा वार कोणता, हेही त्याच वेळी विचारावे. पुढे प्रत्येक भेटीची नोंद संस्थेच्या वहीत झाली की नाही, ते आपण डोळ्यांनी पाहावे.

सहीची घाई करू नये. जबाब इंग्रजीत लिहिला गेला असेल, तर तो मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि जे आपण बोललो नाही ते खोडून मगच सही करावी. गोवा राजभाषा अधिनियम, १९८७ प्रमाणे कोकणी राजभाषा असून शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही त्यात स्थान दिलेले आहे, त्यामुळे मराठीत अर्ज द्यायला संकोच बाळगण्याचे कारण नाही. अर्ज साधा असावा. ‘मी अमुक मुलाची आई आहे, मूल परत घरी न्यावे अशी माझी इच्छा आहे, चौकशीत मी पूर्ण सहकार्य करीन, मला मोफत वकील मिळावा’ एवढ्या चार वाक्यांचा अर्जसुद्धा पुरतो. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

एका कागदाबाबत मात्र विशेष सावध राहिले पाहिजे आणि तो म्हणजे समर्पणपत्र. आर्थिक ओढाताणीत असलेल्या किंवा एकट्या पडलेल्या आईला ‘काही दिवस मूल संस्थेत राहू दे’ असे कोणी सुचवते आणि ती सही करते. मूल तात्पुरते संस्थेत ठेवणे आणि मूल समर्पित करणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. समर्पण म्हणजे पालकत्वाचा हक्क सोडून मुलाला दत्तक देण्याची वाट मोकळी करणे. समर्पण केलेल्या पालकांना फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिलेले आहेत. सही होऊन गेली असेल आणि मन बदलले असेल, तर त्या दोन महिन्यांच्या आत समितीला लेखी कळवावे आणि त्याच दिवशी वकिलाकडे जावे. समर्पण केलेच नसले, तरी गप्प राहणे धोक्याचे आहे. सोडून दिलेले मूल म्हणून नोंद झाली आणि शोध घेऊनही पालक पुढे आले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळे घोषित करता येते.

मोफत वकील कसा मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले, तरी मोफत विधी सेवेचा हक्क आहे. गोव्यातल्या अनेक कुटुंबांना हे ठाऊकच नसते. ती मामलेदार कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी हेलपाटे घालत बसतात आणि १५ दिवसांतला निम्मा काळ तेथेच संपतो. अर्ज आईच्या नावाने किंवा मुलाच्या वतीने केला, तर त्या दाखल्याची गरजच नाही. अर्जदार वडील असतील आणि ते अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार अशा एखाद्या वर्गात बसत नसतील, तरच उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न येतो. तेव्हा अर्ज आईने करावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. पणजी किंवा मडगाव लांब पडत असेल, तर तालुक्याची वाट सोयीची आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. लिहिता येत नसेल, तर तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतात आणि त्यावर अंगठा चालतो. अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हावा लागतो. समितीची तारीख त्याआधीची असेल, तर ती तारीख अर्जाच्या वरच्या बाजूला ठळक लिहावी आणि तोंडीही सांगावी. वकिलाची फी, आवश्यक तेथे न्यायालयीन शुल्क, कागदपत्रांचे टंकलेखन आणि भाषांतर या गोष्टी विधी सेवेतच येतात. पॅनेलवरील वकिलाने पैसे मागितले, तर ते देऊ नयेत आणि प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

वकील मिळाल्यावर पहिल्याच भेटीत त्यांना सर्व खरे सांगावे. दारू, कर्ज, मारहाण, आधीच्या पोलीस तक्रारी यांपैकी काहीही लपवू नये, कारण ते चौकशीत बाहेर येणारच आणि तयारी नसताना बाहेर आले की त्याचा फटका अधिक बसतो. गुन्हा नोंद असेल, तर समितीपुढे काय बोलावे आणि काय लेखी द्यावे, हे वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरतेने वागल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांवर मूल सोडण्याची वेळ आली असेल, तर तो हेतुपुरस्सर त्याग मानला जात नाही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. मुलावर अत्याचार केल्याचा आरोप घरातल्याच माणसावर असेल, तर त्या माणसाचा वकील आणि मुलाचा किंवा आईचा वकील वेगळा असलाच पाहिजे. कुटुंबाची एकी दाखवण्यासाठी एकच वकील ठेवण्याचा आग्रह सासरची माणसे धरतात. त्यात मुलाचे आणि आईचे नुकसान होते, म्हणून तो आग्रह मानू नये.

घरी होणारी चौकशी

समितीच्या सांगण्यावरून सामाजिक कार्यकर्ता, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा किंवा अन्य नेमलेला अधिकारी घरी येतो. तो काय पाहतो, हे समजून घेतले पाहिजे. मूल कोठे झोपते, त्याची वह्यापुस्तके कोठे ठेवली आहेत, घरात शिजवलेले अन्न आहे का, शौचालय कोठे आहे, आईवडील कामावर असताना मुलाजवळ कोण असते, शेजारी काय म्हणतात आणि शाळेतली हजेरी कशी आहे, या गोष्टी अहवालात उतरतात. घर लहान किंवा भाड्याचे आहे, एवढ्यावरून आईवडील अपात्र ठरत नाहीत. मुलाची काळजी कोण, कधी आणि कशी घेते, याचे उत्तर नसले की मात्र अडते.

समजा, म्हापशाला खोर्लीत भाड्याच्या एका खोलीत राहणारी एक आई कळंगुटच्या हॉटेलात कपडे धुण्याच्या विभागात कामाला आहे. तिची पाळी सकाळी सातची आहे. तिचा सात वर्षांचा मुलगा दुपारी शाळेतून येऊन रस्त्यावर फिरताना दिसतो, म्हणून कोणी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवते आणि मूल समितीपुढे जाते. अधिकारी सकाळी अकराला घरी येतो, तेव्हा दाराला कुलूप असते. आईने काहीच केले नाही, तर अहवालात ‘पालक उपस्थित नव्हते, मुलावर देखरेख नाही’ असे येईल, आणि ते खोटेही नसेल. हीच आई आदल्या दिवशी अधिकाऱ्याला फोन करून आपल्या पाळीची वेळ सांगते, हॉटेलच्या व्यवस्थापकाकडून पाळी शाळेच्या वेळेशी जुळणारी करून देण्याचे पत्र घेते, बांद्याहून आलेली तिची मावशी दुपारी मुलाजवळ थांबायला तयार असल्याचे मावशीच्याच सहीने लिहून देते आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेकडून हजेरीचा दाखला आणते. खोली तीच असते, पगारही तोच असतो, पण समितीपुढे आता देखरेखीचा एक ठोस आराखडा असतो. यापेक्षा परिणामकारक युक्तिवाद कोणताही वकील उभा करू शकत नाही, असे मला मनापासून वाटते.

म्हणून अधिकारी येण्याची वाट न पाहता त्याला स्वतः गाठावे आणि घरी कोण कधी असते ते कळवावे. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला, आधार कार्ड, भाडेकरार किंवा घरमालकाचे पत्र आणि वीज बिल यांच्या झेरॉक्स प्रती एका फाइलमध्ये लावून द्याव्यात. एखादा कागद गावी राहिला असेल, तर त्यासाठी बाकीचे अडवून ठेवू नयेत. घरात कोणाला दारूचे व्यसन असेल, तर ते नाकारण्यापेक्षा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार सुरू करून त्याचा केसपेपर जोडणे अधिक उपयोगाचे आहे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे मुलाला धोका असेल, तर आईने त्याच्यापासून वेगळे राहण्याची किंवा संरक्षण आदेश मागण्याची तयारी दाखवावी, कारण अशा वेळी समितीपुढचा खरा प्रश्न मुलाच्या सुरक्षिततेचा असतो.

मूल चौकशीच्या काळात संस्थेतच राहिले पाहिजे असे नाही. आजी, मामा, मावशी अशा नातेवाइकाला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मूल त्यांच्याकडे ठेवावे, अशी विनंती वकिलामार्फत करता येते. त्यासाठी त्या नातेवाइकाने स्वतः समितीपुढे येणे आवश्यक आहे.

समितीपुढे

वेळेआधी पोहोचावे, प्रश्नाचे थेट उत्तर द्यावे, आणि शेजाऱ्याने किंवा शिक्षिकेने तक्रार का केली यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. वकिलाचे काम येथे उलटतपासणीचे नसते. अहवालातल्या चुका लेखी दाखवणे, कुटुंबाचा आराखडा मांडणे आणि मुलाला परत देण्याची विनंती कायद्याच्या आधाराने करणे, हे ते काम आहे. तो आधार भक्कम आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे, ही या अधिनियमाची मूलभूत तत्त्वेच आहेत. मुलाचे म्हणणेही समितीने ऐकायचे असते. त्याला काय बोलावे हे पढवू नये, कारण पढवलेले मूल ओळखू येते आणि त्या ओझ्याने ते कोमेजते.

अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत व्हावा, अशी अपेक्षा आहे. समिती मूल घरी पाठवू शकते, देखरेखीच्या अटीवर पाठवू शकते, योग्य व्यक्तीकडे किंवा पालनपोषणासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे देऊ शकते, किंवा बालगृहात ठेवू शकते. अडचण मुख्यतः गरिबीची असेल, तर केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेखालील प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच वाढावे यासाठीच्या आर्थिक मदतीची, मागणी आवर्जून करावी. त्यात पात्र मुलासाठी दरमहा ४००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि अन्यत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, आणि विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईच्या मुलांचा, तसेच गंभीर आजारी किंवा अपघाताने अपंग झालेल्या पालकांच्या मुलांचा त्यात विचार होतो.

कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. मुलाचे घर सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्यात असेल, तर कलम ९५ प्रमाणे तेथील समितीशी विचारविनिमय करून प्रकरण आणि मूल तिकडे वर्ग करता येते. आजीआजोबा गावी असतील आणि मूल तेथे सुरक्षित राहणार असेल, तर ही मागणी लवकर करावी. आईवडील मात्र गोव्यातच कामाला राहणार असतील, तर ती करण्यापूर्वी वकिलाशी नीट बोलावे, कारण मग दर तारखेला त्यांनाच तिकडे जावे लागेल.

आदेश विरोधात गेला तर

समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येते. पालनपोषण आणि प्रायोजकत्वाविषयीच्या निर्णयांचे अपील मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. उशिराला पुरेसे कारण असेल, तर ३० दिवसांनंतरही अपील दाखल करून घेता येते. तरी त्या आशेवर थांबू नये. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी आणि मागितल्याची पोहोच जपावी. अपिलासाठीही मोफत वकील मिळतो. त्यापुढची दाद पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात पुनरीक्षणाच्या मार्गाने मागता येते. आदेशाबद्दल तक्रार नसून समितीच्या कामकाजाबद्दल असेल, म्हणजे ऐकून न घेणे किंवा तारखांवर तारखा पडणे, तर मुलाशी संबंधित कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २७ ने त्यांना हा अधिकार दिला आहे.

या सगळ्या काळात मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर किंवा पत्रकारापुढे उघड करू नये. हतबल झालेले वडील ‘माझे मूल उचलून नेले’ असा व्हिडिओ टाकतात, त्यामागचे दुःख समजते; पण मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मदतीसाठी गावातल्या प्रतिष्ठित माणसाला बरोबर न्यायचे असेल, तरी त्याला कागद दाखवण्याआधी वकिलाला विचारावे.

मूल घरी आल्यावर फाइल बंद करून ठेवू नये. देखरेखीच्या अटीवर मूल परत दिले असेल, तर अधिकारी पुन्हा घरी येईल, शाळेतही चौकशी करील. हजेरी, दवाखान्याचे कागद, समुपदेशनाच्या तारखा त्याच फाइलमध्ये लावत जाव्यात. घर बदलले, नोकरी बदलली किंवा मुलाजवळ थांबणारी मावशी गावी परतली, तर अधिकाऱ्याला स्वतःहून कळवावे आणि तिच्या जागी आता कोण आहे, हेही त्याच पत्रात लिहावे.